शंभरच्या वेगाला किती जागा लागते? द्रुतगती मार्गाविषयी वाचकांचे प्रश्न

इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि नागपूर ते ठाणे जिल्हा असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग झाला. तेव्हापासून आमच्याकडे गाडी चालवण्याविषयी येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. पूर्वी प्रश्न असत ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे. आता यवतमाळ, वाशीम, जालन्याहून लिहिणारे वाचकही विचारतात की एवढ्या वेगाच्या रस्त्यावर नेमके काय पाळायचे. त्यातल्या काही पत्रांना इथे उत्तरे देत आहोत.

मी मुंबई-पुणे मार्गावर उजव्या लेनमधून बरोबर १०० ने जातो. मागचे लोक सारखे डिपर मारतात. वेगमर्यादाच १०० आहे, मग मी बाजूला का व्हायचे? (वाचक, पुणे)

कारण ती लेन ओव्हरटेकसाठी आहे. तीन लेनच्या मार्गावर डावी लेन जड वाहनांची, मधली मोटारींची आणि उजवी पुढच्या गाडीला मागे टाकण्यापुरती. मागे टाकून झाले की मधल्या लेनमध्ये परत यायचे. तुमचा काटा किती दाखवतो याचा लेनशी संबंध नाही. मागचा १२० ने येत असेल तर चूक त्याची आहे आणि दंडही त्याला होईल. त्याला अडवून धरण्याचे काम तुमचे नाही.

तुम्ही उजवीकडे ठाण मांडले की मागचा कंटाळून डावीकडून निघतो, आणि खरा धोका तिथे आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याला डावीकडचे कमी दिसते. ट्रकवाल्याचे तर विचारूच नका. त्याच्या डाव्या दाराखाली, केबिनला लागून मोटार असेल तर ती आरशातही सापडत नाही. ट्रक मधल्या लेनमधून डावीकडे परतत असताना तुमच्यामुळे डावीकडून घुसलेली गाडी त्याच्या चाकाशी येते.

परत आत येण्याची खूण सोपी आहे. ज्याला मागे टाकले त्या गाडीचे दोन्ही हेडलाईट आणि टपाचा भाग आतल्या आरशात पूर्ण दिसू लागला की डावा इंडिकेटर द्या, तो तीन-चार वेळा लुकलुकू द्या, डावा आरसा आणि डाव्या खांद्यावरून एक नजर, मग हळू वळा. मागे ट्रक असेल तर याच्या दुप्पट अंतर सोडा. भरलेल्या ट्रकच्या नाकासमोर येऊन ब्रेक दाबणे म्हणजे त्याला अशक्य ते करायला सांगणे आहे.

वेगमर्यादेचेही एकदा नीट सांगतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे द्रुतगती मार्गावर चालक सोडून आठ प्रवाशांपर्यंतच्या मोटारींना ताशी १२०, त्याहून मोठ्या प्रवासी वाहनांना १०० आणि मालवाहू वाहनांना ८० ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात त्या त्या तुकड्यावर फलक जे सांगतो ते चालते. समृद्धीवर सपाटीला मोटारींना १२०, मुंबई-पुणे मार्गावर सपाटीला १००, आणि घाटात दोन्हीकडे याहून कमी.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचे? मीटरमध्ये सांगितले तर चालत्या गाडीत ते कसे मोजणार? (वाचक, नागपूर)

मीटर मोजू नका, सेकंद मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा पुलाच्या सावलीतून गेली की मनात म्हणा: एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. एवढे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. तीन सेकंद ही कोरड्या रस्त्याची गोष्ट. पावसात सहा. मोजायची ही रीत कुठल्याही वेगाला चालते, कारण वेग वाढला की तीन सेकंदांत कापलेले अंतर आपोआप वाढते.

यामागचा हिशेब असा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे ४२ मीटर गाडी तशीच धावते. मग चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर थांबायला आणखी ५५ मीटर. एकूण सत्त्याण्णव. हाच आकडा ८० ला सुमारे ६८ मीटर आणि १२० ला १२९ मीटर येतो. ८० वरून १२० ला वेग दीडपट होतो, पण ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट होते. ओल्या रस्त्यावर १०० च्या वेगात थांबायला एकूण सव्वाशे मीटरच्या पुढे जागा लागते.

तुम्ही अंतर सोडले की कोणीतरी त्यात घुसतो, ही तक्रार तुम्ही पत्रात केली आहे. घुसू द्या. एक्सलेटर किंचित सोडून पुन्हा तीन सेकंदांचे अंतर करा. नागपूर ते शिर्डीच्या प्रवासात असे वीसजण घुसले आणि दर वेळी तुम्ही तीन सेकंद मागे पडलात, तर एकूण तोटा एक मिनिटाचा.

कॅमेरा दिसला की वेग कमी करायचा आणि पुढे पुन्हा वाढवायचा, असे सगळेच करतात. तरी चलन कसे येते? (वाचक, पनवेल)

रस्त्यावर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधला वेळ मोजून सरासरी वेग काढता येतो. १० किलोमीटरचा तुकडा १०० च्या मर्यादेत पार करायला सहा मिनिटे लागलीच पाहिजेत. पाच मिनिटांत पोचलात तर सरासरी १२० झाली, मग दोन्ही कमानींखालून तुम्ही ९० ने का जाईना. शिवाय कॅमेऱ्याशी अचानक ब्रेक मारण्याने मागचा तुमच्यावर येतो. तो धोका चलनापेक्षा मोठा आहे.

समृद्धीच्या काँक्रीटवर टायर फुटतात म्हणून आमच्या पंक्चरवाल्याने उन्हाळ्यात हवा ३३ ऐवजी २८ ठेवायला सांगितली. हे बरोबर आहे का? नायट्रोजनने फरक पडतो का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

अगदी उलट आहे, आणि हा गैरसमज जीव घेणारा आहे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हवा कमी असली की टायर जमिनीशी जास्त चपटा होतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजूची भिंत दुमडते आणि सुटते. १२० च्या वेगात हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा होते. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तापते, तसे टायरचे रबर आणि आतले धाग्यांचे थर तापतात. शहरात सिग्नलला थांबत गेल्याने टायर निवतो. समृद्धीवर तासन् तास एकच वेग असतो, त्यामुळे उष्णता साचत जाते, थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो. लोक काँक्रीटला दोष देतात. बहुतेक वेळा दोष कमी हवेचा, जुन्या टायरचा आणि जास्त वजनाचा असतो, आणि सलग वेग तो उघडा पाडतो.

प्रवासात तापून हवा ३३ ची ३७-३८ होणे स्वाभाविक आहे. टायर त्यासाठीच बनवलेला असतो. तेव्हा ढाब्यावर थांबून ती काढू नका. काढलीत तर निवल्यावर ती २८-२९ वर येईल. हवा नेहमी थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे सकाळी निघताना किंवा फार तर दोन-तीन किलोमीटरच्या आत. आकडा कुठून घ्यायचा? चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून. काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणामागे असतो. त्यावर दोन रकाने असतात, कमी माणसांसाठी एक आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा. पाचजण आणि डिकीत सामान असेल तर दुसरा रकाना पाळा. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा त्या टायरची कमाल क्षमता सांगतो, तो तुमच्या गाडीसाठी नाही.

नायट्रोजन वाईट नाही. तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो. पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. नायट्रोजन भरून महिनाभर न तपासलेल्या टायरपेक्षा साधी हवा भरून दर आठवड्याला तपासलेला टायर कितीतरी भरवशाचा.

आता टायरचे वय. भिंतीवर इंग्रजी डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच वर्षे झाली की दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या. नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक होते, भिंतीवर बारीक भेगा पडतात. असा टायर गावातल्या गावात चालेल, समृद्धीवर नको. नक्षीच्या खाचांत आडव्या बुटक्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात लांबच्या प्रवासासाठी आम्ही ३ मिलिमीटरला बदला म्हणू. भिंतीवर कुठे फुगवटा असेल तर आतले धागे खड्ड्यात तुटले आहेत. तो टायर त्या दिवशीच काढा. आणि स्टेपनीची हवा बघा. ती कोणीच बघत नाही.

एवढे करूनही टायर फुटलाच तर पहिली ऊर्मी ब्रेक दाबायची होते. दाबू नका. फुटलेल्या चाकावर गाडी त्या बाजूला ओढते आणि ब्रेकने ती फिरते. दोन्ही हातांनी स्टेअरिंग सरळ धरा, एक्सलेटर हळू सोडा, गाडीचा वेग आपोआप ५०-६० वर येऊ द्या. मग डावा इंडिकेटर देऊन शोल्डरवर, म्हणजे लेनच्या बाहेरच्या डाव्या पट्टीवर, घ्या आणि शेवटी हलका ब्रेक. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा. पुढचा घसरला तर स्टेअरिंगवर कळते आणि वेग कमी करून सावरता येते. मागचा घसरला तर सावरायला वेळच मिळत नाही.

एक्झिट चुकली तर? (वाचक, अकोला)

पुढच्या इंटरचेंजपर्यंत जा, तिथे उतरा, वळून परत या. समृद्धीवर यात चाळीस-पन्नास किलोमीटर जास्तीचे पडू शकतात आणि टोलही. तरीही शोल्डरवरून रिव्हर्स घेणे, राँग साइड येणे किंवा शेवटच्या क्षणी पट्टे ओलांडून कट मारणे हा पर्याय नाही. मागून येणारा ३३ मीटर सेकंदाला या वेगाने येतो. रिव्हर्स येणारी गाडी हे त्याला कळायलाच दोन सेकंद लागतात. निघताना एक्झिटचे नाव आणि त्याच्या आधीच्या एक्झिटचे नाव, दोन्ही पाठ करून ठेवा. आधीचे गेले की डाव्या लेनमध्ये यायला लागा.

लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. मित्र म्हणतो न्यूट्रल करून उतर, डिझेलही वाचते. (वाचक, ठाणे)

मित्राचा सल्ला मुळीच मानू नका.

लोणावळ्याच्या पठारावरून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची उतरते. दीड टन वजनाची गाडी तेवढी खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात वीस लिटर थंड पाणी उकळेल. ही उष्णता कुठेतरी जायला हवी. गाडी गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा भाग इंजिन खाते. न्यूट्रलमध्ये सगळी चार चाकांच्या ब्रेकवर येते. पॅड ठरावीक तापमानापलीकडे गेले की त्यांची पकड सुटते. पॅडल घट्ट लागते पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल जुने असेल तर आणखी वाईट. ते हवेतले पाणी शोषते, तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल स्पंजासारखे आत जाते. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचे, गाडी कमी चालली असली तरी.

डिझेल वाचते हेही खरे नाही. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना एक्सलेटरवरून पाय काढला की इंधन बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहते. आणि इंजिन बंद करून उतरणारे आणखी मोठी चूक करतात. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पॉवर स्टेअरिंग जड होते आणि चावी फिरवून काढली तर स्टेअरिंगच लॉक होते.

उतार सुरू होण्याआधीच, सपाटीवर, गिअर उतरवा. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा अजूनही बरोबर आहे. ६० ला बहुतेक गाड्यांत तिसरा, ४० ला दुसरा. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल, एस किंवा एल करून खालचा गिअर धरून ठेवा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की नीट दाबून दहा-पंधराने कमी करा आणि पाय पूर्ण काढा, म्हणजे मधल्या वेळात ब्रेकच्या चकत्या निवतात. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या चालकांसाठी एक खास गोष्ट: लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून उतरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, त्यामुळे पाय काढल्यावर जी गाडी नेहमी आवरते ती त्या दिवशी आवरत नाही आणि भार ब्रेकवर येतो. ८०-८५ टक्के पुरे.

वास आलाच तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि अर्धा तास निवू द्या. तापलेल्या चकत्यांवर पाणी ओतू नका, त्या वाकड्या होतात किंवा तडकतात. ब्रेक खरोखर गेलेच तर पॅडल भराभर दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा आणि हँडब्रेक बटण दाबून धरून थोडा थोडा ओढा. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ते सलग धरून ठेवा, बहुतेक गाड्या अशाने हळूहळू थांबतात. हॅझर्ड लाईट (चारही इंडिकेटर एकदम), हॉर्न, आणि डाव्या कठड्याला घासत गाडी थांबवणे. पत्रा दुरुस्त होतो.

पावसात आणि धुक्यात सगळे हॅझर्ड लाईट लावून चालवतात. मीही लावू का? (वाचक, नाशिक)

चालत्या गाडीत नको. हॅझर्ड चालू असले की तुमचा इंडिकेटर दिसत नाही, लेन बदलताय हे मागच्याला कळत नाही. शिवाय धुक्यात लुकलुकणारे दिवे बघून ही गाडी उभी आहे की चालू, हेही ठरवता येत नाही. हॅझर्ड उभ्या गाडीसाठी ठेवा. पुढे अचानक सगळे थांबत असतील तर मागच्याला इशारा म्हणून काही सेकंद लावलेत तर चालेल.

पावसात हेडलाईट डिपरवर लावा. नव्या गाड्यांत एक सापळा आहे: दिवसा आपोआप लागणारे पुढचे छोटे दिवे चालू दिसतात, म्हणून चालकाला वाटते दिवे आहेत. मागचे लाल दिवे मात्र बंद असतात. ‘ऑटो’ वर भरवसा ठेवू नका, दिवसाच्या पावसात ते पुष्कळदा पेटत नाही. स्वतः बटण फिरवा. अप्पर धुक्यात उलट डोळ्यांवर येतो. काच आतून धूसर झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडा.

साचलेल्या पाण्यावर वेगात टायर पाण्यावरच तरंगू लागतो. स्टेअरिंग अचानक हलके लागते, इंजिनाचा आवाज चढतो. तेव्हा ब्रेक नाही, वळण नाही, फक्त एक्सलेटर सोडा आणि स्टेअरिंग सरळ ठेवा. क्रूझ कंट्रोल पावसात बंदच असावा, कारण नेमक्या अशा क्षणी तो वेग टिकवायला जोर देतो.

तुम्ही नाशिकचे असल्यामुळे इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्याविषयीही: आत शिरण्याआधी गॉगल काढा, डिपर लावा, लेन बदलू नका. बाहेर पडताना तोंडाशी पाऊस किंवा वारा एकदम अंगावर येतो, त्यासाठी वेग आधीच कमी असू द्या.

माझी ६५० सीसीची मोटरसायकल मोटारींपेक्षा वेगाने धावते. तरी द्रुतगती मार्गावर बंदी का? (वाचक, कोल्हापूर)

बंदी सीसीवर नाही, वाहनाच्या प्रकारावर आहे. मुंबई-पुणे आणि समृद्धी दोन्हीकडे सर्व दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि पादचारी यांना मनाई आहे. तुम्हाला जुना मुंबई-पुणे महामार्ग मोकळा आहे. घाटात काही ठिकाणी दोन्ही रस्ते एकमेकांना मिळतात, तिथले फलक वाचून चाला.

गाडी मध्येच बंद पडली तर नेमके काय करायचे? गेल्या महिन्यात आम्ही सगळे गाडीतच बसून राहिलो. (वाचक, वाशीम)

गाडीत बसून राहणे हीच सर्वांत धोक्याची गोष्ट, म्हणून हा प्रश्न विचारलात ते फार बरे झाले. शोल्डरवर उभ्या गाडीला मागून ट्रक धडकण्याचे अपघात या रस्त्यांवर पुन्हा पुन्हा होतात. झोपेला आलेला चालक पुढच्या लाल दिव्यांमागे जातो. ते दिवे उभे आहेत हे त्याला उमगत नाही.

इंजिन अडखळले, दिवा लागला की लगेच हॅझर्ड लावा आणि गाडीत वेग आहे तोवर डावीकडे शोल्डरवर घ्या, पांढऱ्या रेषेपासून जेवढी दूर जाईल तेवढी. पुढची चाके डावीकडे वळवून ठेवा. रात्री आतला दिवाही लावा. मग सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचे. उजवे दार उघडायचेच नाही. चालकानेही जमेल तर डाव्या सीटवरून सरकून उतरावे. उतरल्यावर लोखंडी कठड्यापलीकडे जा, आणि गाडीच्या समोर उभे राहू नका. कोणी धडकले तर गाडी पुढे फेकली जाते. म्हणून गाडीच्या थोडे मागे, कठड्याआड उभे राहा. लहान मुलांचा हात सोडू नका.

परावर्तक त्रिकोण गाडीमागे किमान ५० मीटरवर ठेवतात. पण १०० च्या वेगात ५० मीटर दोन सेकंदांतच संपतात, तेव्हा या रस्त्यावर तो शंभर मीटरवर असावा, म्हणजे मोठ्या माणसाची सुमारे १३० पावले. जाताना कठड्याच्या बाहेरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. अंधार, पाऊस किंवा कठड्याबाहेर जागा नसेल तर त्रिकोणासाठी जीव धोक्यात घालू नका. दगड आणि झाडाच्या फांद्या रस्त्यावर ठेवायच्या नाहीत. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि पुढच्या कोणाचा तरी बळी घेतात.

डाव्या बाजूचे चाक पंक्चर असेल आणि शोल्डर रुंद असेल तर बदलता येईल. उजव्या बाजूचे चाक वाहत्या लेनकडे पाठ करून बदलू नका, टोइंग बोलवा. मदतीसाठी ११२, जखमी असेल तर १०८. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जागा सांगताना ‘जालन्याच्या पुढे’ एवढ्याने भागत नाही. किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा आणि तुम्ही मुंबईकडे जाताय की नागपूरकडे, हे दोन्ही सांगा. नाहीतर रुग्णवाहिका पलीकडच्या मार्गाने येते आणि तिला पुढच्या इंटरचेंजवरून वळून यावे लागते.

गाडी मधल्या लेनमध्येच बंद पडली आणि वाहतूक अंगावर असेल तर धावू नका. पट्टा लावून, हॅझर्ड लावून ११२ ला फोन करा. डावीकडे खात्रीची मोकळी जागा मिळाली तरच उतरून कठड्यापलीकडे जा.

समृद्धीवर दोन तासांनी डोळे उघडे असूनही मधला रस्ता आठवत नाही. हे काय आहे? (वाचक, अमरावती)

सरळ, एकसारखा रस्ता, वळण नाही, सिग्नल नाही, स्टेअरिंगला काम नाही. मेंदू अर्धा मिटतो. मागची दहा किलोमीटर आठवत नाहीत, लेनच्या पट्टीवरून चाक गेल्याचा आवाज आला, समोरचा ट्रक ‘अचानक’ जवळ दिसला, यातले एक जरी झाले तरी पुढच्या विश्रांतिस्थानावर थांबायचे. समोर चढावर ३० ने चाललेला ट्रक असेल आणि तुम्ही १२० ला असाल, तर दोनशे मीटरचे अंतर आठ सेकंदांत संपते.

काच उघडणे, गाणी मोठी करणे, तोंडावर पाणी मारणे याने दहा मिनिटे बरे वाटते, एवढेच. खरा उपाय झोप. एक कप कडक चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच वीस मिनिटे डुलकी घ्या. जाग येते तेव्हा कॉफीचा परिणाम सुरू झालेला असतो. पुढे पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करून निघा. दर दोन तासांनी थांबा, वेळापत्रकात ते धरूनच निघा. आणि मध्यरात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शक्यतो गाडी हाकू नका. दिवसभर काम करून ‘रात्री रस्ता मोकळा’ म्हणून निघणारे याच वेळेत सापडतात. रात्री डिपरवर चाळीस ते साठ मीटर दिसते आणि १०० ला थांबायला सत्त्याण्णव लागतात, हेही जोडून बघा. डिपरवर चालवत असाल तर वेग ७० च्या खालीच हवा.

मागे बसलेल्या माझ्या आईला पट्टा टोचतो. मागे बसणाऱ्यांनी खरेच लावायला हवा का? नातू तिच्या मांडीवर असतो. (वाचक, सोलापूर)

हवाच. कायदा मागच्यांनाही तो सक्तीचा करतो, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर दंड चालकाला होतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. मागे बसलेले दोघेही गेले, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे वाचले.

ताशी ५० ला अचानक थांबणे हे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढे असते, आणि १०० ला तेराव्या. मांडीवरचे दहा किलोचे बाळ त्या क्षणी कोणाच्याही हातात राहत नाही. आणि आजीच्या अंगाखाली तेच सापडते. नातवाला त्याच्या वजनाची सीट घ्या, ती मागे बसवा, वर्षभराच्या आतल्याचे तोंड मागच्या बाजूला.

आईंना पट्टा टोचतो तो बहुधा गळ्याशी येत असेल म्हणून. सीटवर घट्ट उशी ठेवून थोडे उंच बसवा, म्हणजे वरचा पट्टा खांद्याच्या मध्यावरून जाईल. खालचा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. पट्ट्यावर मऊ कापड गुंडाळले तर हरकत नाही. तो काखेतून मात्र घेऊ नका.

आम्ही गाडी चालवत नाही, खाजगी बसने नागपूर-पुणे जातो. प्रवाशाच्या हातात काय आहे? (वाचक, वर्धा)

बरेच काही आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीवर एक बस डिव्हायडरला धडकून उलटली आणि पेटली. २५ प्रवासी गेले. बस दाराच्या बाजूवरच पडली होती, दार उघडणे शक्य नव्हते. जे वाचले ते काच फोडून बाहेर आले.

तेव्हा बसमध्ये चढल्यावर पाच मिनिटे यासाठी द्या. संकटकाळी बाहेर पडायचे दार कुठे आहे, टपावरची झडप कुठे आहे, काच फोडायचा हातोडा आपल्या जागेपासून किती रांगा पुढे किंवा मागे आहे, हे बोटांनी मोजून ठेवा. अंधारात आणि धुरात डोळे चालत नाहीत, रांगा मोजता येतात. हातोडा जागेवर नसेल तर निघण्याआधी मागा, दार सामानाने अडवले असेल तर हलवायला लावा. काच फोडायची ती कोपऱ्यात, मध्यभागी नाही. झोपताना चपला-बूट हाताशी ठेवा, फुटलेल्या काचांवरून अनवाणी निघता येत नाही. सीटला पट्टा असेल तर लावा. चालक मोबाईलवर बोलत असेल, डुलक्या घेत असेल, दुसरा चालक असूनही बदलत नसेल तर गप्प बसू नका, दोघा-चौघांनी मिळून सांगा. ऐकले नाही तर बसचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा घेऊन ११२ ला कळवा. आणि बस शोल्डरवर थांबली, मग कारण काहीही असो, तर खाली उतरून कठड्यापलीकडे जा, बससमोर किंवा बसमागे घोळका करू नका.